राखलेला श्वास

शर्यत जिंकली की तोमिए पांढऱ्या रेषेपलीकडे दोन पावलं जायची आणि भुईवर कोसळायची. मग तिच्या गिरणीच्या पोरी टॉवेल, पाणी, पंखा असं काय काय घेऊन धावायच्या, आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला तिच्या उशाशी उकिडवा बसायचा. इन्सुक तिच्यामागून दुसरी यायची आणि सावकाश चालत जाऊन नळाला तोंड लावायची.

ओसाकाच्या गिरण्यांच्या शर्यतींत हे इतक्या वेळा झालं होतं, की बघणाऱ्यांना त्याची सवय झाली होती. खुद्द इन्सुकलाही झाली होती. झाली नव्हती ती कुवाबारा मास्तरांना. मास्तर एके काळी स्वतः धावत. छातीच्या दुखण्याने धावणं सुटलं, तेव्हा इन्सुकच्या सूतगिरणीने त्यांना मुलींना धावायला शिकवायच्या कामावर ठेवलं. त्यांना थंडी सोसायची नाही, हरणं तर त्याहून नाही.

"हात दे इकडे," त्या शरदातल्या शर्यतीनंतर ते नळापाशी येऊन म्हणाले. त्यांनी तिची नाडी धरली, डोळे मिटले, आणि मग हात सोडून दिला. "ही काय दोन फेऱ्या धावून आलेल्या मुलीची नाडी आहे? ही बाजारातून मुळा घेऊन आलेल्या बाईची नाडी आहे."

"मुळा जड असतो, मास्तर," इन्सुक म्हणाली.

"हसू नकोस. ती तोमिए तिकडे मरायला टेकलीय, म्हणून ती पहिली आहे. तुझ्याजवळ अजून अर्धी फेरी शिल्लक आहे. कुणासाठी ठेवलीस ती?"

इन्सुकने तोंड पुसलं आणि नळ बंद केला.

ती जेजू बेटाची. तिकडे बायका समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढतात, आणि पुरुष दगडी बांधावर पोरांना खेळवत कुणाची बायको किती खोल जाते यावर वाद घालतात. इन्सुकही आईबरोबर बुड्या मारायला शिकली होती. पण किनाऱ्यावर माणसं वाढली, शिंपले घटले, आणि बेटावरच्या कितीतरी जणींसारखी तीही बोटीत बसून ओसाकाला आली. गिरणीत सूत कातायचं, गिरणीच्याच कोठीत सगळ्या पोरींनी ओळीने झोपायचं, आणि फाटकाबाहेर जायचं तर चिठ्ठी लागायची. अंगणातल्या खेळांत ती सगळ्यांच्या पुढे धावली, तेव्हा मास्तरांनी तिला उचललं. त्यालाही आता तीन वर्षं होत आली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी गिरणीच्या जेवणघरात व्यवस्थापक निशिगाकी आले. मोठे हौशी गृहस्थ, बोलताना पोटावर हात फिरवायची सवय. दुसऱ्या नंबरची ढाल त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "अशा ढाली ठेवायला आता भिंत उरली नाही. इन्सुक, वसंतातल्या शर्यतीत एकदा पहिली ये. मग माग काय हवं ते. किमोनो माग, मनगटी घड्याळ माग. सगळ्यांसमोर सांगतोय."

मुली हसल्या. इन्सुक उठून उभी राहिली.

"आमच्या पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला सुट्टी द्या, साहेब. आम्हा बेटावरच्या सगळ्या बायकांना. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. समुद्रावर जायचंय."

"समुद्रावर? थंडीत? काय करायला?"

"आमच्या आजीला निरोप द्यायला."

निशिगाकींना वाटलं, कुणाची तरी म्हातारी बोटीने परत चाललीय. एका म्हातारीला पोचवायला इतक्या बायका कशाला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जेजूच्या बायका तोंडाला पदर लावावा तसे हात लावून खुदखुदल्या. आजी म्हणजे योंगदुंग आजी, वाऱ्याची देवी. दुसरा महिना लागला की ती बेटावर येते, पाण्यावरून चालत चालत शेवाळाचं नि शिंपल्यांचं बी पेरते आणि पौर्णिमेला परत जाते. त्या दिवशी बायका कागदात तांदूळ गुंडाळून समुद्राला देतात आणि वर्षभराचं आपलं जाणं-येणं त्याच्या हवाली करतात. हे इन्सुकने थोडक्यात सांगितलं. निशिगाकींनी पोटावर हात फिरवला.

"बरं, बरं. पहिली आलीस तर दिली सुट्टी," ते म्हणाले, आणि जाता जाता मास्तरांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "दुसरं येणं हा तिचा स्वभावच आहे म्हणा."

सुट्टीचं ऐकून सगळ्यात जास्त हलली ती ओकसिम मावशी. मावशी इन्सुकच्या आईची बुडीतली जोडीदारीण. एकीने वर थांबायचं, दुसरीने खाली जायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षांची जोडी होती. आता ती गिरणीत दोऱ्याची रिळं भरायची. आजी बेटावर असते तो सगळा पंधरवडा मावशी मासळी तोंडात घालत नसे. जेवणघरात मासा आला की आपला तुकडा हेरानच्या ताटात टाकायची, आणि कोठीतली सगळ्यात तोंडाळ असलेली हेरान दर वेळी म्हणायची, "आजीचे उपकार. ती बारा महिने राहिली असती तर मी लठ्ठ झाले असते."

मागच्या वर्षी फाटक उघडलं नव्हतं. मावशीने तेव्हा तांदळाच्या पुड्या धुण्याच्या टाकीमागच्या गटारात सोडल्या होत्या. गटार नदीला मिळतं, नदी समुद्राला, असा तिचा हिशेब. पुड्या जाळीला अडकल्या. पहारेकऱ्याने त्या काठीने बाहेर काढल्या आणि अन्न गटारात टाकणारी अवदसा कोण म्हणून आरडाओरडा केला. मावशी त्याच्यासमोर मान खाली घालून उभी होती. तिचे कान लाल झालेले इन्सुकने पाहिले होते. तिकडे आई रोज पाण्यात उतरते, आणि इकडे तिच्या नावाचे तांदूळ गटाराच्या जाळीवर. हे इन्सुकच्या मनातून वर्षभर गेलं नव्हतं.

थंडीभर सराव झाला. योदो नदीच्या बंधाऱ्यावर वारा असा बोचायचा की मास्तर गळपट्ट्यातून फक्त नाक बाहेर काढत. इन्सुकचे पाय मजबूत होते, वेग होता, वळणं सफाईने घ्यायची. शेवटच्या टप्प्यात मात्र घोडं अडायचं. तिथे काहीतरी तिच्या आत हात वर करून म्हणायचं, पुरे.

एके दिवशी मास्तर बंधाऱ्यावर बसले आणि तिलाही बसवलं.

"खरं सांग. दुखतं का कुठे?"

"नाही."

"भीती वाटते?"

इन्सुकने जरा विचार केला. मग तिने सांगितलं. बुडीला पहिल्यांदा गेली, तेव्हा आईने तिला किनाऱ्यावर उभं करून समुद्रासमोर शपथ घातली होती. छातीतला शेवटचा श्वास आपला नाही. खाली कितीही मोठा शिंपला दिसो, हात पोचतोय असं वाटो, तो श्वास शिल्लक आहे तोवर वर यायचं. जी तो खर्च करते ती वर येत नाही.

मास्तरांनी गळपट्टा तोंडावरून खाली ओढला. "आणि तू तो श्वास माझ्या मैदानावर घेऊन येतेस."

"तो कुठेही माझ्याबरोबरच येतो, मास्तर."

"अगं, पण इथे पाणी कुठाय? पडलीस तर गवतावर पडशील. तोमिए बघ, किती वेळा पडली, मेली का?"

इन्सुकला हसू आलं, आणि ते बरोबर आहे हेही कळलं. पण कळणं वेगळं, आणि छातीने ऐकणं वेगळं.

तिने हे मावशीला सांगितलं धुण्याच्या टाकीवर. मावशीने पिळत असलेला सदरा तसाच टाकीत टाकला.

"त्या मास्तरला काय कळतंय? त्याच्या डोक्यावर कधी पाणी होतं?"

"माझ्याही डोक्यावर नसतं, मावशी. धावताना."

"असतं. तुला दिसत नाही एवढंच." मावशीने सदरा पुन्हा उचलला. "माझी धाकटी बहीण वर आली होती. एक शिंपला घेऊन, हसत वर आली होती. खाली आणखी एक आहे म्हणाली. मी म्हटलं, आधी दम घे. म्हणाली, आहे अजून थोडा. त्या थोड्यावर गेली ती." तिने पिळा इतका घट्ट दिला की कापड करकरलं. "सुट्टी नको मला. तू दुसरी ये. जिवंत ये."

पलीकडे हेरान गुडघ्याएवढ्या फेसात उभी होती. तिचे कपडे तुडवणारे पाय थांबले.

त्यानंतर इन्सुकची मोठी पंचाईत झाली. शपथ समुद्रासमोर घेतलेली. ती मोडून जिंकायचं, आणि त्या जिंकण्यातून समुद्राच्याच पूजेला जायचं, हे तिला पटेना. आणि शपथ पाळून दुसरी यायचं म्हणजे पुन्हा ते गटार. तिने धावणं सोडलं नाही. पण मास्तरांशी बोलणं कमी झालं, आणि मास्तरांनीही विचारणं सोडलं. त्यांनी तिच्यासाठी चिंध्यांचा एक जाडजूड गळपट्टा तेवढा आणून दिला.

शर्यतीचा रविवार पौर्णिमेच्या चार दिवस आधी आला. सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वारा मात्र दणकून.

"यंदा आजीने लेक आणलीय बरोबर," हेरान खिडकीतून म्हणाली. "सून आणली असती तर रडारड असती, धो धो पाऊस." बेटावर असंच मानतात. लेकीबरोबर आजी आनंदात असते, सुनेला आणलं की दोघी भिजत येतात.

मावशी कोठीच्या कोपऱ्यात कागद पसरून बसली होती. तांदूळ निवडलेले होते. सुट्टी नको म्हणणाऱ्या मावशीने पुड्या मात्र बांधायला घेतल्या होत्या. इन्सुक बुटाच्या नाड्या घालत तिच्याजवळ टेकली.

"समुद्रासाठी की गटारासाठी?" तिने विचारलं.

"ते आजी ठरवेल. आपण बांधून ठेवायचं." मावशीने एक मूठ बाजूला काढली. "हे आधी आजीचं. मग बाकीच्यांचं."

"मावशी, तो शेवटचा श्वास. आपला नाही म्हणतो ना आपण? मग कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?" मावशीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने तांदूळ कशाला म्हणतात ते विचारलंय. "समुद्राचा. आजीचा. ज्यांनी खाली जाऊ दिलं त्यांचा. आपण नुसता सांभाळायचा."

इन्सुकने नाडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग उठली आणि मावशीच्या पायांशी वाकून निघाली. मावशीने वर पाहिलं नाही.

मैदान माणसांनी भरलं होतं. गिरणीगिरणीची निशाणं वाऱ्याने फाटायला आली होती. आपल्या संघाला ओरडून दाद द्यायला गिरणीने मुलींना आणलं होतं, त्यामुळे जेजूच्या बायकाही सगळ्या आल्या होत्या. वळणाजवळच्या कुंपणाला चिकटून त्या उभ्या राहिल्या. मावशी त्यांच्या मागे, पाठ फिरवून.

"उगाच आलीस," हेरान तिला म्हणाली. "बघणार नसशील तर माझ्या पाठीला तरी टेकू नकोस."

"तू बघ. मला सांग."

बंदुकीचा बार झाला. तोमिए पहिल्याच वळणावर पुढे गेली, लांब टांगांची, कोपर बाहेर काढून. इन्सुक तिच्या पाठीशी लागली आणि वाऱ्यात तिच्या आडोशाने धावत राहिली, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे. पहिली फेरी संपली. घंटा वाजली. बाकीच्या मागे पडल्या. गर्दीला पुढचं सगळं माहीत होतं, त्यामुळे ओरडण्यात फारसा जीव नव्हता. कुणीतरी म्हणालंही, "आली दुसरी."

शेवटचं वळण सुटलं आणि सरळ पट्टा समोर आला. समोरून वारा थेट छातीवर. तोमिएचे खांदे वर चढले होते, तिची मान हलायला लागली होती. इन्सुकची मांडी जळत होती, तोंडात लोखंडाची चव आली होती, आणि आत, नेहमीच्या जागी, ते नेहमीचं काहीतरी हात वर करून उभं राहिलं. पुरे. आता वर ये.

आणि इन्सुकला वाटलं, वर कुठे जायचं? वर तर आजीच आहे. हा समोरून येणारा वारा दुसऱ्या कुणाचा आहे?

खाली मोह असायचा तो शिंपल्याचा. आईने शपथ घातली होती ती त्या मोहाविरुद्ध. आपल्यासाठी खर्च करू नकोस, इतकंच आई म्हणाली होती. इतकी वर्षं हा श्वास तिने इमानाने सांभाळला, कधी चिमूटभरही उचलला नाही. आज जिचा होता ती स्वतः पंधरा दिवसांच्या मुक्कामाला आली होती, निरोपाची वाट बघत होती, आणि इन्सुक तिची ठेव तिच्याच तोंडावर पुन्हा घरी घेऊन चालली होती. ज्याचं त्याला देऊन टाकावं.

तिने दिला.

पुढचं तिला नीट आठवत नाही. कुंपणापाशी हेरानने बघितलं ते तिने नंतर वर्षभर सांगितलं. इन्सुक बाजूला सरकली, वाऱ्याच्या तोंडी आली, आणि वारा जणू दार उघडावं तसा बाजूला झाला. तोमिएला ती शेजारी आलेली कळली तेव्हा तिनेही दात आवळले. दोघी खांद्याला खांदा लावून आल्या. गर्दी एकदम उसळली. मास्तर गळपट्टा हातात घेऊन तो चाबकासारखा हवेत मारत होते. पांढरी फीत आधी तुटली ती इन्सुकच्या छातीवर.

या खेपेला कोसळली ती इन्सुक. तोमिए दोन पावलं पुढे जाऊन गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, तिने वळून बघितलं आणि आपलाच टॉवेल इन्सुकच्या अंगावर टाकला.

इन्सुक उताणी पडली होती. डोळे उघडे, ओठ निळसर. छाती हलत नव्हती. मास्तर धावत आले, पण त्यांच्याआधी कुंपण ओलांडून मावशी आली. कशी आली ते कुणी पाहिलं नाही. घागरा गुडघ्यापर्यंत खोचलेला होता. तिने इन्सुकचं डोकं मांडीवर घेतलं.

"घे," ती म्हणाली. "घे. घे, पोरी."

आणि इन्सुकच्या तोंडातून ती शीळ निघाली. बुडीतून वर आलेल्या बाईच्या छातीतून आपोआप निघते ती, लांब, बारीक, शेवटी वर जाणारी. जुना श्वास बाहेर, नवा आत. बेटावर ही शीळ ऐकली की काठावरचे लोक क्षण मोजणं थांबवतात.

ओसाकाच्या त्या मैदानावर ही शीळ कधी कुणी ऐकली नसेल. पंचांनी माना वळवल्या. कुंपणापाशी हेरानने ओठांचा चंबू केला आणि उत्तर दिलं. मग तिच्या शेजारणीने, मग तिच्या. गिरणीच्या निळ्या सदऱ्यातल्या सगळ्या बायका एकीमागून एक शीळ घालू लागल्या, समुद्रात सुक्या भोपळ्यांवर तरंगत एकमेकींना मी वर आले, मी वर आले असं कळवतात तशा.

मावशी रडत होती आणि चिडलेलीही होती. "कुणाला विचारून खर्च केलास?"

इन्सुकला बोलायला वेळ लागला. "जिचा होता तिला दिला."

मावशीने वाऱ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग टॉवेलने तिचं कपाळ पुसलं. "मग ठीक," ती म्हणाली. "मग मी कोण विचारणारी."

फोटोवाला या खेपेला इन्सुकच्या उशाशी उकिडवा बसला. त्याच्याबरोबरच्या वार्ताहराने विचारलं, बक्षीस काय मिळणार? निशिगाकी नुकतेच येऊन पोचले होते, पोटावर हात ठेवून. ते म्हणाले, "घड्याळ. उत्तम घड्याळ."

"सुट्टी, साहेब," मास्तर म्हणाले. थंडी, हर्ष आणि खोकला सगळं एकदम होऊन त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. दुसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला. लिहून घ्या हो," ते वार्ताहराला म्हणाले, "गिरणीचं मन किती मोठं आहे, तेही घाला."

वार्ताहर लिहू लागला. निशिगाकींनी त्याच्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग कुंपणाशी उभ्या असलेल्या शीळ घालणाऱ्या बायकांकडे, आणि त्यांना हसूच आलं. "दिली," ते म्हणाले. "पण ही शीळ गिरणीत नको. यंत्रं बंद पडतील."

पौर्णिमेला फाटक उघडलं. पहारेकऱ्याने बायकांना मोजलं, मोजताना चुकला, पुन्हा मोजलं, आणि कंटाळून जा म्हणाला. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून बंदरापलीकडच्या बंधाऱ्यापर्यंत त्या चालत गेल्या. समुद्र काळपट होता, लांबवर गोद्या आणि धुराडी. मात्र वारा खरा होता, आणि पाण्याला मिठाचाच वास होता.

पुड्या एकेक करून पाण्यात गेल्या. घरी पाण्यात उतरणाऱ्यांची नावं एकेकीने घेतली. इन्सुकने आईचं नाव घेतलं. हेरानने आपली पुडी कमी बुडाली म्हणून शेजारणीशी हुज्जत घातली. मावशीने सगळ्यांत शेवटी धाकटीचं नाव घेतलं, पण पुडी पाण्यात टाकली नाही. हात पाण्यात घालून ती सोडून दिली.

मग ती जोडे काढू लागली.

"मावशी, काय चाललंय?"

"घागरा धर."

"पाणी बर्फासारखं आहे. आणि घाण आहे."

"घाण वर असते," मावशी म्हणाली. "कितीतरी वर्षांनी जातेय, तर पोरगी मला समुद्र शिकवतेय." ती दगडांवरून उतरली, पाणी गळ्याशी आलं, तिने एकदा आभाळाकडे बघितलं आणि गेली.

बायका दगडांच्या कडेपर्यंत सरकल्या. इन्सुक कमरेएवढ्या पाण्यात उतरून थांबली, आई थांबायची तशी, त्या जागेवर डोळे रोवून. थोड्या वेळाने जरा पलीकडेच मावशीचं डोकं वर आलं, केस चेहऱ्याला चिकटलेले, आणि तिची शीळ बंधाऱ्यावरून, गोद्यांवरून दूरवर गेली. तिने मूठ उघडून दाखवली. नुसता गाळ होता.

"अजून काही उगवलं नाही," ती ओरडली. "पण जमीन चांगली आहे."

"वर ये आता, सर्दी होईल," इन्सुक म्हणाली.

"तू तुझं धावलीस ना? आता गप उभी राहा," मावशी म्हणाली, आणि तिने दम घेतला आणि पुन्हा खाली गेली.